टिटवीचा अर्धा तास

टिटवी पोचायची वेळ टळून अडीच तास झाले होते.

टिटवी म्हणजे निहिराच्या आत्याचं विमान. दोन माणसं कशीबशी मावतील एवढंच. सांगलीतल्या हळदीच्या एका रिकाम्या गोदामात आत्याने सात वर्षं खपून ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. सांगाडा गोदामात उभा राहिला आणि पंखांवरचं कापड घराच्या गच्चीवर ताणलं गेलं. अजूनही त्याच्या खुर्चीवर बसलं की हळदीचा वास येई.

साल होतं २०५८. अंटार्क्टिकाच्या बर्फावर आता बरेच लहानलहान तळ झाले होते, पण मोठं विमान तिथे महिन्यातून एकदाच येई. मागच्या वर्षी साध्या औषधावाचून एक माणूस दगावला होता. घरी बांधलेलं छोटं विमानही एवढ्या लांबवर औषधं पोचवू शकतं, हे आत्याला दाखवून द्यायचं होतं. म्हणून ती आज सकाळी एकटी निघाली. बर्फावरच्या या तळावरून दक्षिण ध्रुवाजवळच्या तळापर्यंत हजार किलोमीटर. मध्ये एक घर नाही, एक झाड नाही.

बारा वर्षांची निहिरा सुट्टीत आजोबांबरोबर इथे आली होती. आता ती बिनतारी यंत्राच्या खोलीत दाराला टेकून उभी होती. तळप्रमुख शेखबाई मूळच्या मिरजेच्या. त्यांनी आत्याचा शेवटचा निरोप कागदावर उतरवून घेतला होता आणि तो त्या तिसऱ्यांदा वाचत होत्या.

“सावली खुणेवर आहे. हजार किलोमीटर झाले. खाली तळ दिसत नाही.”

त्यानंतर नुसती खरखर.

“सावली खुणेवर म्हणजे विमान ठरलेल्या रेषेवर,” शेखबाई म्हणाल्या. “बरोबर ना, सर?”

“बरोबर,” आजोबा म्हणाले.

“मग समोरून वारा असणार. हजार झाले असं तिला वाटलं, झाले असतील आठशे. आम्ही सरळ रेषेवर शोधतो. शोधायला विमान एकच आहे, इंधन एका फेरीचं आहे, आणि उद्या सकाळी हिमवादळ येतंय. दुसरी फेरी मिळणार नाही.” त्या थांबल्या. “तासाभरात निघू.”

आजोबा स्वयंपाकघरात येऊन बसले. पुढ्यातला चहा त्यांनी घेतला नाही. ते सूर्याचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. टिटवीत सावलीवरून दिशा दाखवणारी एक तबकडी होती, ती त्यांनीच बनवली होती.

“आजोबा, सावली खुणेवर म्हणजे काय?” तिने विचारलं. खरं तर ते नुसते बसून राहू नयेत म्हणून विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून एक स्टीलची ताटली घेतली, तीत अर्धा बटाटा पालथा ठेवला आणि बटाट्यात एक आगकाडी उभी खोचली. ताटली त्यांनी खिडकीशी नेली. बाहेर सूर्य क्षितिजाच्या जरा वर होता. इथल्या उन्हाळ्यात तो मावळतच नाही.

“आज सकाळी सूर्यवादळ झालं. म्हणजे सूर्याने विद्युतभारित कणांचा मोठा लोट आपल्याकडे फेकला. उपग्रह गप्प झाले. टिटवी तेव्हा शंभर किलोमीटर गेली होती. तिचा दिशा दाखवणारा पडदा उपग्रहांवर चालतो. तो गेला, त्यावरचं घड्याळही गेलं.”

“पण होकायंत्र आहे की.”

“होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाकडे बघते. तो ध्रुव इकडे नाही, पार तिकडे समुद्राजवळ आहे. पुढे जाशील तसा कोन बदलत राहतो, आणि सुई जमिनीकडे तोंड खुपसून आळशासारखी डुलते. तिच्यावर विसंबता येत नाही. राहिला सूर्य.”

आजोबांनी काडीच्या सावलीवर बोट ठेवलं.

“पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा घेते. फेरा तीनशे साठ अंशांचा. म्हणजे तासाला किती?”

“पंधरा.”

“आपल्याकडे सूर्य चढतो, डोक्यावर येतो, उतरतो. इथे ध्रुवापाशी तो तसा चढत-उतरत नाही. गोल रिंगण घालतो, तासाला पंधरा अंश. आणि आपल्याकडच्या उलट, उजवीकडून डावीकडे. सावलीही तशीच फिरते.” त्यांनी मेणाच्या खडूने ताटलीच्या काठावर तीन खुणा केल्या. पाच, सहा, सात. “ताटली म्हणजे टिटवी. हे तिचं नाक. पाच वाजले की विमान असं धरायचं की सावली पाचवर पडेल. सहा वाजता सहावर. सावली सरकते, खुणाही तेवढ्याच सरकलेल्या, म्हणून नाक मात्र एकाच दिशेला राहतं. याला सौर होकायंत्र (सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवण्याचं साधन) म्हणतात. त्याला वीज लागत नाही, उपग्रह लागत नाही. फक्त ऊन आणि बरोबर वेळ सांगणारं घड्याळ.”

“घड्याळ,” निहिरा म्हणाली.

“माझं चावीचं. म्हणून तर दिलं तिला. पन्नास वर्षांत मिनिटभर चुकलेलं नाही.”

निहिराने ताटलीवरचा हात काढून घेतला.

सकाळची गडबड तिला आठवली. आत्या पेट्या मोजत होती. घड्याळ भारताची वेळ दाखवत होतं, कारण आजोबा ते कधी बदलत नसत. घरी किती वाजले ते त्यांना कळायला हवं असे. तळावर सगळं जागतिक वेळेवर (सगळ्या देशांनी मिळून मानलेल्या एका वेळेवर) चाले. “निहू, तेवढं घड्याळ जागतिक वेळेला लाव गं,” आत्या म्हणाली. निहिरा रोज आईशी बोले तेव्हा मनात हिशेब करी: तुझ्याकडे नऊ, आमच्याकडे चार. आईशी बोलायला एवढा हिशेब पुरे होता. सकाळी घड्याळात दहा वाजले होते. तिने काटे उलटे फिरवले. एक फेरा, दोन, तीन, चार, पाच. मिनिटकाटा बरोबर बारावर आला. किती नीट दिसत होतं ते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. आत्या सापडली नाही, तर कधीच कळणार नव्हतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “मी पाच तास मागे केले. साडेपाच करायला हवे होते.”

निहिराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा आजोबांनी तिच्या हातात खडू दिला.

“रडायला नंतर वेळ आहे. आधी सांग, घड्याळ पुढे की मागे?”

“दहाचे... साडेचार व्हायला हवे होते. मी पाच केले. पुढे.”

“किती?”

“अर्धा तास.”

“म्हणजे किती अंश?”

“साडेसात.”

“आता ताटली फिरव. समज, खरे साडेचार वाजलेत, पण टिटवीला वाटतंय पाच. ती काय करेल?”

निहिराने साडेचारची खूण केली आणि ताटली अशी धरली की सावली तिच्यावर पडली. हे खरं. मग सावली पाचवर येईपर्यंत ती ताटली हळूहळू वळवत गेली. ताटलीचं नाक उजवीकडे सरकलं.

“उजवीकडे,” ती म्हणाली. “सावली खुणेवर होती, तरी ती उजवीकडे जात होती.”

“आता शेवटचं. एक अंश चुकला, तर दर साठ किलोमीटरला माणूस साधारण एक किलोमीटर बाजूला जातो. ती नऊशे गेली.”

“साठाचे पंधरा. पंधरा साडेसाते...” तिने खडूने आकडे मांडले. “एकशे बारा. थोडं जास्तच.”

“शोधविमानातून दोन्ही अंगांना फार तर दहा किलोमीटर दिसतं,” आजोबा म्हणाले आणि उठले. “चल. तुलाच सांगायला लागेल. माझ्या तोंडून आलं तर म्हातारा अंदाज करतोय असं वाटेल त्यांना.”

शेखबाई हातमोजे चढवत होत्या. निहिराने सगळं सांगितलं, ताटलीसकट. शेखबाईंनी हातमोजे काढून नकाशा पुढे ओढला.

“नक्की पाच फेरे? साडेपाच नाही?”

“पाच. मिनिटकाटा बारावर होता. मला ते छान वाटलं होतं.”

शेखबाईंनी नकाशावरची रेघ खोडली आणि उजवीकडे दुसरी ओढली.

पुढचे अकरा तास कुणी निहिराला रागावलं नाही. कुणीतरी रागवावं असं तिला वाटत राहिलं. ती ताटली घेऊन खिडकीशी बसली. सावली ताटलीवरून सरकत होती, आपल्या ठरल्या चालीने. आजोबा शेजारी होते. एकदा ते म्हणाले, “तपासायला मीही होतो तिथे.”

टिटवी सापडली, नव्या रेघेपासून चार किलोमीटरवर. बर्फाच्या टणक लाटांवर उतरताना तिची चाकाच्या जागची एक घसरपट्टी मोडली होती आणि पंख दुमडला होता. ऊब मिळवायला नेलेला स्टोव्ह चेचला गेला होता. आत्या खुर्चीवरचं हळदीच्या वासाचं कापड गुंडाळून शेपटीच्या आडोशाला पडली होती. जिवंत होती. शोधविमान परतल्यावर तीन तासांनी हिमवादळ आलं आणि पाच दिवस थांबलं नाही. टिटवी त्याखाली गेली ती गेलीच.

आत्याच्या डाव्या हाताची तीन बोटं हिमदंशाने (थंडीत रक्त थिजून अवयव मरण्याने) काळी पडली होती. डॉक्टरांनी ती काढली.

चौथ्या दिवशी निहिराला आत जाऊ दिलं. आत्याचा हात पांढऱ्या बोचक्यासारखा पांघरुणावर होता. निहिरा पलंगाशी येऊन उभी राहिली.

“सांगितलंय मला बाबांनी,” आत्या म्हणाली. “अर्धा तास.”

“हो.”

“निघताना मी एकतीस गोष्टी वाचून तपासल्या. घड्याळ त्यांत नव्हतं. तुला सांगितलं आणि डोक्यातून काढून टाकलं. तुझी चूक तुझी, माझी माझी. अर्धी अर्धी वाटून नाही कमी होत ती.”

निहिराने मान हलवली.

“तू बोलली नसतीस तर?” आत्याने विचारलं. उत्तराची वाट न पाहता तिने डोळे मिटले. “पत्रे जोडायचं रिबिट धरायला डावा हात लागतो गं. आता तुझा लागेल.”

पुढच्या उन्हाळ्यात, सांगलीच्या त्याच गोदामात, दुसरा सांगाडा उभा राहिला. आत्या उजव्या हाताने ठोकायची, निहिरा दोन्ही हातांनी धरायची. काही दिवस आत्या ठोकता ठोकता थांबे आणि नसलेली बोटं दुखतात म्हणून बाहेर जाऊन बसे. निहिरा तेव्हा कामाला हात लावत नसे.

तपासणीच्या कागदावर आता बत्तीस गोष्टी होत्या. पहिली अशी: घड्याळ, दोघींनी, मोठ्याने.

एका दुपारी आत्याने आपल्याबरोबर वाचलेलं ते चावीचं घड्याळ तिच्यापुढे ठेवलं. “लाव.”

निहिराने काटे उलटे फिरवायला घेतले. आत्या मोजत होती. पाच फेऱ्यांवर मिनिटकाटा पुन्हा बारावर आला, तसाच नीट, तसाच सुंदर. निहिराचा हात थांबला. मग तिने वर भिंतीवर लावलेल्या जागतिक वेळेच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उरलेला अर्धा फेरा सावकाश पुरा केला.