अंजिराचं झाड आणि मामांचे डबे

रविवारी सकाळी सुतार येईल आणि परसातलं अंजिराचं झाड तोडेल, असं मामांनी गुरुवारी जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर ते शांतपणे पाणी प्यायले. पिटुकलीचा घास मात्र हातातच राहिला.

पिटुकली ही मामांची मुलगी, वय वर्षं दहा. झाडाचं वयही तेवढंच. ती जन्मली त्या वर्षी मामींनी माहेराहून अंजिराची फांदी आणून लावली होती. झाड वाढलं, फळायला लागलं, आणि गेली तीन वर्षं त्याचं एकही धड अंजीर कुणाच्या तोंडात पडलं नव्हतं. अंजीर झाडावरच पिकावं लागतं, कच्चं तोडलं तर पुढे पिकत नाही. आणि पिकायला लागलं की पाखरं हजर! अर्धी खाल्लेली फळं खाली पडायची, त्यांना मुंग्या लागायच्या, गांधीलमाश्या घोंगावायच्या आणि मामांच्या स्कूटरची सीट चिकट व्हायची. झाड गेलं की तिथे स्कूटरला पत्र्याची शेड करता येईल, असा मामांचा सरळ हिशेब होता.

सुट्टीला आलेली आतेभावंडं त्या रात्री पिटुकलीची समजूत घालत बसली. थोरली मोजपट्टी, वय तेरा. मोजल्याशिवाय तिला पाणीसुद्धा गोड लागत नसे. धाकटा भोंगा अकरा वर्षांचा, आणि त्याचं कुजबुजणंही दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. मोजपट्टीने बोटांवर हिशेब केला. हातात दोन दिवस होते. दोन दिवसांत पाखरं थांबवायची, म्हणजे झाड वाचेल.

आता पाखरांचा बंदोबस्त मामांनी केलाच नव्हता असं नाही. मामा शाळेत शिपाई होते. वीस वर्षं शाळेची घंटा त्यांच्याच हातात होती आणि ती कधी मिनिटभर पुढेमागे झाली नव्हती. सुट्टी लागली की त्यांचे हात शिवशिवायचे. म्हणून त्यांनी झाडात खडे भरलेले सहा डबे टांगले होते आणि त्यांची दोरी स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून बांधली होती. सात, दहा, एक, चार. घड्याळाचा काटा तिथे आला की मामा दोरी खेचायचे, खडाडखुडूड आवाज व्हायचा, आणि मामा पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. वाजवलं की त्यांच्या लेखी काम झालं. पुढे काय होतं ते बघायला ते कधी थांबले नाहीत.

शुक्रवारी पोरांनी पहाटेच उठून बुजगावणं केलं. त्याला मामांचा जुना खाकी शर्ट घातला. साडेनऊला एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसून आरामात पिसं साफ करत होती. भोंगा ओरडला तेव्हा ती उठली आणि दुसऱ्या खांद्यावर जाऊन बसली.

मोजपट्टीने मात्र वही काढली. दहाला पाच मिनिटं कमी असताना झाडावर दोन चिमण्या होत्या. दहाला डबे वाजले. दहा वाजून पाच मिनिटांनी तिने पाखरं मोजली, तर एकोणीस भरली. आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं, म्हणून ती एकला पुन्हा बसली. आधी एक पाखरू, नंतर बावीस. चारलाही तीच गत.

"डबे वाजले की पाखरं उडायला हवीत ना?" ती म्हणाली. "इथे तर ती येतात."

"बहिरी असतील," भोंगा म्हणाला.

"बहिरी असती तर बरोबर डब्यांच्या वेळेला कशी आली असती?"

भोंगा बुजगावण्याचा शर्ट सरळ करायला निघून गेला.

चारच्या वेळी पिटुकलीला आणखी एक गोष्ट दिसली होती. पाखरं आली ती थेट अंजिरावर बसलीच नाहीत. आधी मागच्या भिंतीपलीकडे उतरली आणि मग इकडे आली. भिंत उंच, वर दाट वेल, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नसे. म्हणून शनिवारी सातला भोंग्याला पाण्याच्या टाकीवर चढवलं, तोंडात रुमाल कोंबून. डबे वाजले आणि पलीकडची शिलाई मशीन थांबली. तिथल्या शिवणकाकू मागच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ सरळ केली, ताटलीतला पावाचा चुरा दगडी कट्ट्यावर झटकला आणि त्या आत गेल्या. पाखरांनी तीन मिनिटांत कट्टा लख्ख केला. एवढ्याशा चुऱ्याने कुणाचं पोट भरणार? मग सगळी फौज भिंत ओलांडून अंजिरावर!

तिघंही लगेच काकूंकडे गेली. काकूंनी त्यांना बसवलं आणि सगळं सरळ सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या तेव्हाच सामान उतरवताना भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. ते दुरुस्त करायची गरजच पडली नाही. शाळा चालू असली की घंटा ऐकू येते, सुट्टीत मामांचे डबे. आवाज झाला की त्या मशीनवरून उठतात, नाहीतर दिवसभर वाकून पाठ आखडायची. उठल्यावर पाखरांना चुरा घालतात, तेवढीच सोबत. पाखरांना आता आवाजाची सवय झाली आहे, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. झाडाचं कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

संध्याकाळी मोजपट्टीने वही मामांसमोर ठेवली. मामांनी ती उघडलीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी याच डब्यांनी एक पाखरू फिरकलं नव्हतं, असं ते म्हणाले. तेव्हा शिवणकाकू इथे राहायला आल्या होत्या का, असं पिटुकलीने विचारलं. नव्हत्या, हे मामांनी कबूल केलं. पण सुताराला शब्द दिलाय, आता मागे फिरणं नाही, एवढं बोलून ते उठले.

रविवारी नऊला सुतार करवत घेऊन आला. पिटुकली झाडाला पाठ लावून उभी होती. ती हलली नाही.

"बाबा, मला एकदा दोरी ओढू द्या. आवाजाने पाखरं पळाली तर मी बाजूला होईन, रडणार नाही. आणि आली तर झाड राहील."

"अजून दहा वाजले नाहीत," मामा म्हणाले.

"म्हणूनच आत्ता. आणि तुम्ही आत जायचं नाही. इथे उभं राहून बघायचं."

मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "बघा की. वीस वर्षं वाजवताय, पाच मिनिटं बघा." मग मामांचा नाइलाज झाला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी पिटुकलीने दोरी ओढली. डबे खडाडले आणि झाडावर होत्या त्या तीन चिमण्या भुर्रकन उडून गेल्या. मामांनी सुताराकडे पाहिलं. सुताराने करवत उचलली. पिटुकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक मिनिट गेलं. मोजपट्टीची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली.

मग पलीकडची मशीन थांबली. "अगंबाई, दहा इतक्यात वाजले?" असं काकू स्वतःशीच म्हणाल्या ते भिंतीवरून स्पष्ट ऐकू आलं. विजेच्या तारेवरून पाच साळुंक्या उतरल्या. गच्चीवरून चिमण्या आल्या, कुठूनसे चार बुलबुल आले. सगळी भिंतीपलीकडे गेली आणि थोड्या वेळाने सगळी इकडे आली. मोजपट्टीने सव्वीस मोजली. एक बुलबुल मामांच्या नाकापासून वीतभर अंतरावर बसला आणि अंजिरात चोच खुपसून खाऊ लागला.

मामा त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तीन वर्षं मी..."

"जेवणाची घंटा देत होतात," सुतार म्हणाला आणि करवत खाली ठेवून पोट धरून हसला.

मामांना हसू यायला जरा वेळ लागला. पण आलं. त्यांनी मोजपट्टीची वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. "घंटा मी वेळेवर दिली," ते म्हणाले, "पण बघितलं तुम्ही. शाबास पोरांनो. पिटुकले, माझं चुकलं बाळ." पिटुकली त्यांच्या पोटाला बिलगली, आणि मग ठरल्याप्रमाणे न रडणं तिला काही जमलं नाही.

त्याच दिवशी डबे झाडावरून उतरले आणि काकूंच्या अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला टांगले गेले. दोरी लांबवून मामांच्या खिडकीत आणली. आता पाखरांना बोलवायचं तर तिकडेच बोलवायचं, आणि चुरा दुप्पट घालायचा. काकूंनी पातळ कापडाच्या चिंध्यांच्या छोट्या पिशव्या शिवल्या, दोन दिवस मशीन थांबली नाही. सुताराने शिडी धरली. भोंगा आणि मोजपट्टीने एकेका अंजिराला पिशवी चढवून नाडी बांधली. दोनशे अकरा पिशव्या झाल्या.

शेवटच्या फांदीला पिशव्या बांधायला भोंगा वर चढला, तेव्हा मामांनी त्याला थांबवलं. ती फांदी तशीच ठेवायची, असं ते म्हणाले.

"का पण?" भोंग्याने विचारलं. "ती खातील की सगळी."

"खाऊ देत. तीन वर्षं मीच बोलावलं त्यांना. आपण बोलावलेल्या पाहुण्याला उपाशी कसं पाठवायचं?"

दहा दिवसांनी पहिली पिशवी सोडली. आत जांभळं, टच्च, अख्खं अंजीर होतं. पिटुकलीने ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसतं पाहिलं. मग फोडून निम्मं मामांना दिलं आणि उरलेलं सगळ्यांत वाटलं. तिच्या वाट्याला अगदी नखाएवढं आलं, पण तिने ते डोळे मिटून खाल्लं.