आडवी पट्टी

वाकडं काही दिसलं की माझा हात शिवशिवतो. ताई म्हणूनच मला शिस्तबाई म्हणते. "हाताची पाची बोटं सारखी नसतात गं," असं लहानपणापासून समजावत आली, पण माझ्यात फरक पडला नाही. धंदाही तसाच मिळाला: संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपीची पानं नीट करायची. प्रत्येक स्वराचा काळा ठिपका, त्याला उभा दांडा, आणि लागोपाठ वाजणाऱ्या झटपट स्वरांचे दांडे टोकाला एका जाड आडव्या पट्टीने बांधलेले. संगणक दांडे उलटे लावतो, पट्ट्या तिरक्या ओढतो. ते मी निस्तरते.

त्या सकाळी मी तालमीच्या हॉलशेजारच्या काचेच्या खोलीत बसले होते. एका दिवंगत संगीतकाराची कधीच न वाजलेली रचना होती. वादकांसमोर टॅब होते. मी इथे दुरुस्ती केली की तिथे लगेच दिसायची. पहिल्या व्हायोलिनवर ताई होती. आईवडिलांच्या माघारी तिने त्याच बोटांच्या जोरावर मला वाढवलं.

इतकी गचाळ पानं मी जन्मात पाहिली नव्हती. चेलोच्या पानावर एक दांडा थेट वरच्या ओळीत घुसला होता. मी तो छाटला. हॉलमध्ये फट्‌कन आवाज झाला. चेलोवाल्याची तार तुटली होती आणि त्याचा गाल ओठापासून कानापर्यंत उघडला होता.

"तार आहे, तुटायचीच," वाद्यवृंदाचे मास्तर म्हणाले. त्याला बाहेर नेलं आणि तालीम पुढे चालू झाली.

मग पियानोचं पान. चार स्वरांना एकच पट्टी होती, तिथे दोन-दोनच्या हव्या होत्या. मी ती मधोमध तोडली. पियानोचं झाकण कोसळलं. वाजवणारीची दोन बोटं वाचली, दोन आत तुटून राहिली. झाकणाच्या कडेवरून रक्त तिच्या मांडीवर ठिबकत होतं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं मी स्वतःला बजावलं. पण पुढचं पान ताईचं होतं, आणि सगळ्यात वाकडं तेच होतं. मला भीती वाटली. मी त्याला हात लावला नाही.

पियानोवालीलाही बाहेर नेलं, आणि काचेतून माझा चेहरा पाहून ताई खोलीतल्या स्पीकरवर बोलली. धीर द्यायला ती अशीच थट्टा करते. "शिस्तबाई, माझं पान सरळ कर की. डोळे तिरळे झाले."

"राहू दे तसंच."

"तू वाकडं राहू देणार? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

"ताई, तुला माझी शपथ. व्हायोलिन खाली ठेव."

ती हसायची थांबली. तिने व्हायोलिन खाली ठेवलं.

"बास झालं," मास्तर म्हणाले. "सगळे घरी जा."

माझा जीव भांड्यात पडला. मी फाइल बंद करायला घेतली.

बंद करण्याआधी मी नेहमी तीन कळा एकदम दाबते: सगळ्या पानांवरचं उरलंसुरलं वाकडं एका फटक्यात सरळ. इतक्या वर्षांची सवय. बोटांनी मला विचारलंच नाही.

ताईच्या पानावरचे दांडे डावीकडून एकेक ताठ होत गेले.

हॉलमध्ये काड्या मोडल्यासारखा आवाज आला. एकेक, सावकाश.

ताई काचेपाशी आली. चेहरा पांढराफटक. तिने दोन्ही हात काचेवर टेकवले.

बोटं ताठ उभी होती. प्रत्येक हाताच्या बोटांची टोकं कातडीच्या एका जाड पट्टीने बांधलेली होती, नखं तिच्यात बुडाली होती.

पट्टी कुठेही तिरकी नव्हती. पाची बोटं सारखी होती.