कासवं, गोल्फ आणि मातीकाम

"मी कुठे जाणार आहे, तेवढं शोधून द्या," बाई म्हणाल्या.

भाऊजींना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. या खोलीत लोक पळालेला भागीदार शोधायला येतात, हरवलेला दस्तऐवज शोधायला येतात. आपण स्वतः कुठे जाणार, हे विचारायला आजवर कुणी आलं नव्हतं.

वहिनींनी मात्र समोरची खुर्ची पुढे सरकवली. वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर शिंप्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि माणसांच्या चुका तपासायला बसल्या. भाऊजी जमीनमोजणीतून निवृत्त झालेले. ते वहिनींबरोबर हिंडत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

"सुरुवातीपासून सांगा."

बाई जीवशास्त्राच्या शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना हेडबाई म्हणे. समुद्रकासवांबद्दल त्यांनी तीस वर्षं शिकवलं, पण अंडी घालणारं कासव एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आता परदेशातल्या एका किनाऱ्यावर तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचं त्यांनी ठरवलं होतं. नवरा-बायको दोघांची नावं नोंदवली होती.

"पंधरा दिवसांनी सहलवाल्याकडून कागद आले. कासवांच्या जागी गोल्फ! मी उभ्या जन्मात गोल्फची काठी धरलेली नाही. त्याला झापायला गेले, तर तो म्हणाला, तुम्हीच ईमेल केलीत. घरी येऊन पाहिलं, तर पाठवलेल्या पत्रांत ती माझ्या नावानं खरंच पडली होती. परवा पुन्हा तेच. आता गोल्फही गेलं. मातीची भांडी!"

"ईमेल कोण कोण उघडू शकतं?"

"घरात एकच पत्ता आहे, माझ्या नावाचा. औषधं, बिलं सगळं त्यावरच. माझ्या, ह्यांच्या, मुलाच्या, तिघांच्या फोनवर तो चालू असतो." बाईंनी पर्स घट्ट धरली. "मुलगा म्हणतो, आई, तूच लिहितेस आणि विसरतेस. उद्या अकराला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मला खरं सांगा. मीच लिहिलं असेल, तर तसं सांगा."

इतकी ताठ बाई, आणि स्वतःच्याच डोक्याला घाबरलेली.

सहलवाल्याचं ऑफिस चौकात होतं. भिंतीवर हत्तींना अंघोळ घालणारी, दोरावर लोंबकळणारी, कणीक मळणारी हसरी माणसं चिकटवलेली होती.

"हल्ली नुसतं बघायला कुणी जात नाही," तो म्हणाला. "काहीतरी करायला जातात. मग ऐनवेळी बदलतात. मला काय, मी बदलून देतो."

"गोल्फमध्ये तुमचा फायदा जास्त?" भाऊजींनी त्याला कोंडीत पकडल्यासारखं विचारलं.

"थोडा. म्हणून तर गोल्फ रद्द झाल्यावर वाईट वाटलं. बाईंच्या मिस्टरांना मी सरावाच्या मैदानावरही नेलं होतं. पहिला चेंडू मारला आणि म्हणाले, पुरे, घरी सोडा."

त्यानं तिन्ही पत्रं छापून दिली. पहिलं होतं: 'महोदय, आम्हां दोघांची नावे कासव-संवर्धनाच्या सहलीसाठी नोंदवावीत, तीन आठवडे, रात्रपाळीसह. दिवे वापरण्यास मनाई असते, हे आम्ही वाचले आहे.'

दुसरं: 'आमची कासवांची सहल रद्द करून गोल्फची द्यावी दोघांची कृपया फोन करू नये'

तिसरं: 'गोल्फ नको त्याऐवजी मातीची भांडी शिकवतात ती सहल द्यावी फोन करू नये कळावे आलो आलो'

"आलो आलो?" भाऊजी बुचकळ्यात पडले. "हे काय आता?"

"मला वाटलं, बाई उत्साहात असतील."

भाऊजींना मात्र ते वाचून भीतीच वाटली. डोकं भरकटल्याची खूण ती हीच असणार. वहिनींनी कागदाची घडी घातली.

मुलगा ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. रस्त्याच्या चिन्हांच्या तक्त्याखाली बसून तो एका अंगठ्यानं भराभर फोनवर टाइप करत होता. वहिनींचा प्रश्न संपायच्या आत त्यानं दोन निरोप पाठवलेसुद्धा.

"आईनं जाऊ नये असंच मला वाटतं, लपवत नाही. बायकोचे दिवस भरत आलेत, घरात मोठं माणूस हवं. पण ते मी तिला तोंडावर सांगितलंय."

"आणि बाबा?"

"बाबांना कशाचंच काही नाही. दोन महिन्यांपूर्वी लाडकी गाडी मला देऊन टाकली. म्हणाले, आता हौस नाही."

बाहेर पडल्यावर भाऊजी कुजबुजले, "हाच. कारण आहे, फोन आहे."

"हं," वहिनी म्हणाल्या. ते 'हं' होकाराचं की नकाराचं, हे भाऊजींना वीस वर्षांत उमगलं नव्हतं.

हेडबाईंच्या घरी दुपारी तीनला सगळे दिवे लावलेले होते. दार बाईंच्या मिस्टरांनी उघडलं. भाऊजींनी हात पुढे केला. गृहस्थांनी तो घेतलाच नाही, नुसते हसत उभे राहिले. 'भलताच शिष्ट माणूस,' भाऊजी मनात म्हणाले आणि हात खिशात घातला.

गृहस्थांनी स्वतः चहा केला. कपाच्या काठावरून बोट आत सोडून त्यांनी तो ओतला. भाऊजींनी आपला कप हळूच वहिनींकडे ढकलला.

"पेपर दिसत नाही कुठे," वहिनी म्हणाल्या.

"बंद केला. बातम्या वाचून त्रास होतो." मग आवाज उतरला. "ही खरंच विसरते का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी बशी चाचपून कप खाली ठेवला. "तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वहिनींनी सगळ्यांना हेडबाईंच्या घरी बोलावलं. सहलवाला दाराशी अवघडून उभा होता. मुलगा घड्याळ बघत होता.

"अकराला पोचायचंय," तो म्हणाला.

"गरज नाही. बाईंनी ती पत्रं लिहिलेली नाहीत." वहिनींनी कागद टेबलावर मांडले. "पहिल्या पत्रात स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहे. पुढच्या दोन्हींत एकही विरामचिन्ह नाही, पण शुद्धलेखन अचूक. घाईनं टाइप करणारा अक्षरं चुकवतो. इथे अक्षरं बरोबर आणि खुणा गायब. म्हणजे हे टाइप केलेलंच नाही. फोनला बोलून दाखवलंय."

"आणि ते आलो आलो?" भाऊजींनी विचारलं.

"बोलता बोलता बेल वाजली असेल किंवा कुणी हाक मारली असेल. माणसानं ओ दिली, फोननं तीही लिहून घेतली. भाऊजी, बाईमाणूस काय म्हणेल?"

"आले आले," भाऊजी म्हणाले आणि त्यांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. ते मुलाकडे वळले. "तरी मी म्हणत होतो!"

"थांबा. मुलाला आई घरी हवी. पण तिन्ही सहली परदेशातल्याच. ठिकाण बदलून आई घरी थोडीच राहते? शिवाय तो अंगठ्यानं इतकं भराभर लिहितो, तो कशाला बोलत बसेल? सहलवाल्याला गोल्फ परवडतं. मग तेच गोल्फ तो का घालवेल? आता सहली ओळीनं बघा. कासवं: रात्री, दिव्याशिवाय चालायचं. ते नको. गोल्फ: दिवसाउजेडी, पण चेंडू दिसायला हवा. मैदानावर एकच फटका, आणि तेही नको. मातीची भांडी: ती हातांना कळतात."

वहिनींनी कागद बाजूला सारले.

"गाडी देऊन टाकली. पेपर बंद केला. भरदुपारी दिवे. चहा किती भरला, ते बोटानं पाहायचं. आणि काल भाऊजींनी पुढे केलेला हात घेतला नाही, कारण तो दिसलाच नाही."

भाऊजींचे कान तापले. शिष्ट म्हणालो होतो आपण.

हेडबाई नवऱ्याकडे बघत होत्या. "अहो?"

"डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे," ते म्हणाले. "रात्रीचं गेलं, आता कडांचं जातंय. घरातली फरशी न् फरशी पाठ आहे, म्हणून तुला कळलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस, माझी नर्स होऊन बसली असतीस. म्हटलं, मला झेपेल अशा ठिकाणी दोघं जाऊ. तुला वाटेल, ऑफिसची चूक."

"आणि हा मला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला, तेव्हा?"

"सांगणार होतो."

"कधी? मला गोळ्या सुरू झाल्यावर?"

मुलगा "आई, मी..." म्हणत पुढे झाला.

"तुम्ही आंधळे होताय, ते मी सांभाळलं असतं," हेडबाई म्हणाल्या. आवाज वर्गात असावा तसा सरळ होता. "पण महिनाभर मी रोज सकाळी उठून स्वतःला पाढे म्हणून दाखवले, बरोबर येतात का बघायला. तुम्ही शेजारी झोपला होतात."

मग त्या सहलवाल्याकडे वळल्या. "कासवं. माणूस एक."

"आणि मी?" गृहस्थांनी विचारलं.

"तीन आठवड्यांत तुम्ही काठी घेऊन चालायला शिका. पुढचं आल्यावर बघू."

त्यांनी चपला घातल्या, नवऱ्याचा हात धरून आपल्या कोपरावर ठेवला. धरण्यात प्रेम होतं की राग, ते भाऊजींना काही केल्या समजेना. "चला, तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कधीपासून जाताय, सगळं सांगा. वाटेत."

दोघं जिन्यावर गेले. खालून हेडबाईंचा आवाज येत राहिला.

"पायरी. अजून एक. ही दिसली का? खोटं बोलू नका."

पावलं थांबली.

"नाही दिसली," ते म्हणाले.