भिंतीवरचं दार

बिजागऱ्या आणायला म्हणून मी त्या रविवारी सकाळी बाहेर पडलो होतो. काम एवढंच होतं. दुकानदाराने विचारलं, दार आत उघडतं की बाहेर. मी म्हणालो, आतच उघडेल, पण मागे काही नाही, नुसती भिंत आहे. भिंतीवर दार बसवायचंय. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, मग बिजागऱ्यांचा खर्च कशाला करता, डिंकाने चिकटवून टाका. दुकानातली माणसं हसली, मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं मला.

तुम्ही त्या दाराबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही. दिवा जरा तुमच्याकडे सरकवून घ्या. मला सवय झाली आहे अंधाराची.

मी सुतार. आमच्या गावातल्या निम्म्या घरांत माझ्या हातची एखादी तरी खुर्ची नाहीतर कपाट होतं. घर लहानसं. पुढची खोली, आईची खोली, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात जायला एक दार. अंगणात पत्र्याची शेड, तिथे माझं काम चालायचं. ते मागचं दार मी स्वतः केलं होतं, नुकता हात बसत होता तेव्हा. थोडं वाकडंच झालं होतं, पण आईने ते कधी बदलू दिलं नाही.

आईला दिसत नव्हतं. काचबिंदूने तिची दृष्टी कधीच गेली होती. पण घरात ती अशी वावरायची की नव्या पाहुण्याला पत्ता लागू नये. दुपारी शेडशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि माझा रंधा ऐकायची. नुसत्या आवाजावरून म्हणायची, ‘हे लाकूड अजून ओलं आहे रे, राहू दे काही दिवस.’ आणि ते ओलंच असायचं. माणसं ती हातांवरून ओळखायची. कोणी आलं की आधी त्याचा तळहात हातात घ्यायची, मग बोलायची. माझ्या हाताला रंध्याचे घट्टे होते. ती म्हणायची, हजार माणसांत उभा केला तरी हा हात मी ओळखेन.

त्या गावावर माझा जीव होता. तिथल्या लाकडाच्या वखारीवर, संध्याकाळी दुकानांच्या पायऱ्यांवर चालणाऱ्या रिकामटेकड्या गप्पांवर. पण लोक तयार फर्निचर आणायला लागले आणि माझी शेड गप्प झाली. शेवटी शहरातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. भुसा आणि डिंक दाबून त्याच्या फळ्या करायच्या. यंत्र करतं सगळं, आपण हातमोजे घालून शेजारी उभं राहायचं. घर विकलं. घेणाऱ्याने ते पाडून गोदाम बांधायला काढलं. हे मी आईपासून लपवलं नाही. ती म्हणाली, ‘मागचं दार तेवढं घेऊन ये. ते तू केलेलं आहे.’

म्हणून ते दार आमच्याबरोबर या चौथ्या मजल्यावर आलं.

आईला शहर जड जाणार हे माहीत होतं. मी आणि बायकोने डोकं चालवलं. इथल्या खोल्यांची रचना बरीचशी आमच्या घरासारखीच होती, तेव्हा सगळं सामान जुन्या घरात होतं तसंच, तेवढ्याच अंतरावर लावलं. पलंगापासून कपाट, कपाटापासून टेबल, टेबलापासून ओटा. बायको चेष्टेने म्हणाली, आपण घर बदललंय हे आता फक्त आपल्या दोघांनाच कळणार. आणि खरंच, आई पहिल्याच दिवशी इथे न चाचपडता फिरायला लागली. आमचं केवढं कौतुक वाटलं आम्हाला.

घोटाळा एकाच जागी होता. स्वयंपाकघरात जिथे मागचं दार असायचं, तिथे इथे सरळ भिंत. आई सवयीने तिकडे जायची आणि कपाळ आपटून घ्यायची. कितीदा सांगितलं तरी पाय तिकडेच वळायचे. कपाळावरचं टेंगूळ उतरायच्या आत दुसरं यायचं. मग मला सुचलं की ते दार तिथेच भिंतीवर बसवावं. हाताला दार लागलं की ती थांबेल. चौकट बसवली, बिजागऱ्या लावल्या, दार लटकवलं. उघडून बघितलं तर मागे पिवळा रंग दिलेली भिंत. आईने दारावरून हात फिरवला, कडी चाचपली आणि हसली. गाव सोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. त्या दिवसापासून तिला एकदाही लागलं नाही.

आधी बायकोच्या लक्षात आलं. आईचे केस विंचरताना तिला त्यात लाकडाचा छिलका सापडला, रंध्याने निघतो तसा, गोल वळलेला, पातळ. मी म्हणालो, माझ्या कपड्यांना लागून आला असेल. पण कारखान्यात लाकूड नसतंच, छिलका कुठून येणार? मग एका दुपारी मी लवकर घरी आलो तर आई खुर्चीवर बसलेली आणि तिच्या तळव्यांना चिखल. ओला, काळा. बाहेर पाऊस नव्हता, आणि आई जिना उतरून कधी जातच नव्हती. मी ओलं फडकं आणून तिचे पाय पुसले. त्या मातीचा वास मी ओळखत होतो.

‘कुठे गेली होतीस?’ मी विचारलं.

‘कुठे जाणार? मागे बसले होते.’

मी उठून दार उघडलं. भिंत होती. हात लावला, कोरडी होती, गार होती. दार लावताना मात्र फटीतून पायावर वारा लागला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच काढून टाकायचं होतं दार. बायकोही तेच म्हणाली. पण आईची तब्येत सुधारत होती हो. अंगावर मांस आलं, गाल भरले. दिवसभर आम्ही दोघं कामावर, ती एकटी. संध्याकाळी परत यावं तर ती ताजीतवानी, कोणाशी तरी पोटभर गप्पा मारून उठल्यासारखी. मी स्वतःला समजावलं की ती मनाने गावाला जाऊन येते. आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. कारखान्यातून आलो की मीही त्या दारापुढे उभा राहायचो, उघडायचो. मला भिंतच दिसायची.

मग ते हाताचं सुरू झालं.

एका संध्याकाळी तिच्याजवळ बसलो, तिने नेहमीसारखा माझा तळहात घेतला आणि बोटं फिरवत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘किती मऊ झाला रे.’ हातमोज्यांत राहून घट्टे गेले होते, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पुढे ती हात घेईनाशी झाली. माझ्याशी बोलताना आवाजात एक अदब आली. जेवताना म्हणायची, ‘तुम्ही घ्या आधी.’ मला, पोटच्या मुलाला. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी जागा बदलली की असं होतं, सांभाळून घ्या. एकदा ती बायकोला सांगत होती, मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. ‘तुमचे यजमान फार कष्ट करतात हो. माझा मुलगाही असाच आहे. पण बरं आहे, तो घरीच असतो. दिवसभर माझ्यासमोर काम करतो.’

त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, ‘अहो, दार काढा. नाहीतर आई राहायच्या नाहीत आपल्याकडे.’

मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी बायको बाजारात गेली. आईच्या खोलीत डोकावलो, पलंगावर पांघरुणाचा उंचवटा दिसला. झोपली आहे तोवर उरकून घ्यावं म्हणून मी घाईघाईने स्क्रू काढायला लागलो. दार उतरवलं. मग चौकट. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा भिंतीतून काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं, कोणी दूरवरून हाक मारावी तसं... मी थांबलो. मग वाटलं, खाली रस्त्यावर कोणी असेल. चौकट सोडवून बाजूला ठेवली, भिंतीवरची भोकं बुजवली आणि चहा ठेवून आईला उठवायला गेलो.

पलंगावर नुसतं पांघरूण होतं.

बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती. तिच्या चपला जागेवर होत्या. मी खोल्या बघितल्या, कपाट उघडून बघितलं, खिडकीतून खाली बघितलं. आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

चौकट पुन्हा बसवताना एक स्क्रू सरळ जाईना. दार लटकवलं, उघडलं. भिंत. लावलं, पुन्हा उघडलं. भिंत. किती वेळा ते विचारू नका. बायको परत आली तेव्हा मी त्या भिंतीचा गिलावा फोडत होतो. गिलाव्यामागे विटा होत्या, विटांमागे ऊन आणि समोरची इमारत.

पोलीस येऊन गेले. म्हातारी बाई वाट चुकली असेल म्हणाले, शोधतो म्हणाले. बायकोने बरेच दिवस काढले माझ्याबरोबर, मग बहिणीकडे गेली. तिला मी दोष देत नाही. दारापुढे बसून राहणाऱ्या माणसाबरोबर कोण संसार करेल? भिंतीचं भोक मी बुजवून घेतलं. नोकरी सोडली. गावालाही जाऊन आलो. आमच्या घराच्या जागी गोदाम उभं आहे, मागच्या अंगणावर सिमेंट ओतलंय. मी त्या सिमेंटवर उभा राहून आईला हाका मारल्या, तेव्हा तिथल्या रखवालदाराने मला हाताला धरून बाहेर काढलं.

आणि इथे दुपारी, सगळं शांत झालं की, दाराला कान लावला तर रंधा ऐकू येतो. लांब, सावकाश ओढलेला. मी ओढायचो तसा. मध्येच आईचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकदा ती हसली. आनंदात आहे ती. हे मला सगळ्यात जास्त सोसवत नाही.

मग मी एक केलं. वखारीतून लाकूड आणलं, रंधा आणला आणि याच खोलीत काम करायला लागलो. कसलंच काम नाही, नुसतं तासायचं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आधी फोड आले, फुटले, त्यांच्या खाली कातडी जाड होत गेली. बघा हे घट्टे. वाटलं, हे हात तरी ती ओळखेल. एकदा माझा हात तिच्या हातात गेला की ती तिकडे थांबायची नाही.

परवा दुपारी मी दार वाजवलं. जोरात नाही. तळहात दारावर ठेवला आणि म्हणालो, ‘आई... मी आहे. हात बघ माझे.’

तिकडचा रंधा थांबला. तिच्या पावलांचा आवाज आला. ती दाराच्या अगदी जवळ आली, मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या हाताच्या समोर, फळीच्या त्या बाजूने, तिची बोटं फिरत होती. आई, मी म्हणालो. आई गं...

‘कोणीतरी आहे रे तिकडे,’ ती म्हणाली. ‘रडतंय.’

मग दुसरी पावलं आली. आणि माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, ‘कोणी नाही, आई. जुनं दार आहे, वाऱ्याने वाजतंय. तू बस जाऊन, मी बंद करून टाकतो.’

ती गेली. मला तिची पावलं लांब जाताना ऐकू आली. नंतर हातोडी सुरू झाली.

या, इकडे या. दिवा आणा. हे बघा, फळीतून टोकं बाहेर आली आहेत ना खिळ्यांची? सगळी आपल्या बाजूला. खिळे किंचित तिरके मारले आहेत, उपसून निघू नयेत म्हणून. मीही तसेच मारतो.