ऑपरेशन कुणाचं?

“दोन कप कसे?”

भरदुपारी कामावरून अवचित घरी आलेला फिटर सिंकपाशी उभा राहून विचारत होता, आणि शिलाई मशीनवर वाकलेल्या त्याच्या बायकोचा पाय पायडलवर जागच्या जागी थांबला. सुई कापडात रुतून राहिली... प्रश्न कपांचा नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आतल्या खोलीत आडव्या झालेल्या सासूबाईंना.

“एक माझा, एक आईंचा,” ती म्हणाली.

“कापडवाला येऊन गेला ना आज?”

“दारातून गठ्ठा टाकून गेला. नेहमीसारखा.”

“नेहमीसारखा!” तो हसला. असं हसू तिनं बारा वर्षांत त्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. “आई, ए आई! दुपारी चहा घेतलास का गं?”

आतून खाट करकरली. “घेतला की! आता या घरात चहासुद्धा विचारून प्यायचा का रे? आणि तू असा अवेळी कसा? फुटलं वाटतं कुठं?”

“काही नाही फुटलं,” म्हणत त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि आल्या पावली निघून गेला.

फुटलं होतं! पाइपाच्या सांध्याला केसाएवढी चीर पडावी, डोळ्यांना काही दिसू नये, आणि भिंत मात्र आतल्या आत ओली होत जावी, तसा संसार ओला होत चालला होता. आणि जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या गळती शोधणाऱ्या माणसाला आपल्या घरची गळती नेमकी चुकीच्या जागी दिसत होती.

तो पाणीखात्यात नळजोडणीचं काम करी. सगळे त्याला फिटरच म्हणत. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवी, म्हणून गल्लीला ती टेलरबाई. पदरात दोन मुली. धाकटीच्या वेळी तिच्या अंगातलं रक्त थांबता थांबेना, नऊ बाटल्या चढवाव्या लागल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी फिटरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “हिचं गर्भाशय जेमतेम शिवून ठेवलंय. तिसरं बाळंतपण हिला झेपायचं नाही.” दोन वर्षं जपून काढली. मग पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिच्या पोटाला परत चाकू कशाला लावायचा? पुरुषाचं नसबंदीचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं असतं. बघा, मन होतंय का.”

आणि त्याचं मन झालं होतं! “तू माझ्या लेकरांसाठी दोनदा मरणाच्या दारात जाऊन आलीस,” तो म्हणाला होता, “मी पंधरा मिनिटं टेबलावर पडू नये?” त्या शब्दांनी तिला इतकं भरून आलं की त्याची पुढची अट तिनं ओठांवर यायच्या आधीच मान्य केली. कुणाला कळता कामा नये. ना आईला, ना खात्यातल्या दोस्तांना. “हसतील गं मला...”

“नाही हसणार. माझं झालं म्हणून सांगू.”

आणि तसंच झालं. दुखत होतं त्याला, अंथरुणावर पडून कण्हत होती ती! तो शिडीवरून घसरल्याचं निमित्त करून लंगडत कामावर जाई, आणि सासूबाई गरम पाण्याची पिशवी तिच्या निरोगी पोटावर ठेवता ठेवता उसासत, “झालं... आता नातवाचं तोंड काही मी बघत नाही. माझ्या लेकाचा वंश तुझ्यापाशी येऊन थांबला गं बाई!” तिनं ते सगळं ऐकलं. आवंढ्याबरोबर गिळलं. एका माणसाची मान ताठ राहावी म्हणून दुसऱ्याला वाकावं लागतं, आणि ते वाकणं तिला जड वाटलं नव्हतं.

त्याला महिना होत होता. आणि तिची पाळी चुकली.

एक दिवस, चार दिवस, बारा दिवस... औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा तिला वाटलं, पट्टीच खोटी आहे. दुसरी आणली. दोन रेघा! मग तिनं डॉक्टरांवर संशय घेतला, ऑपरेशनवर घेतला, शेवटी स्वतःच्या देहावर घेतला. अरे देहा, मी कुठं गेले नाही, कुणाला शिवले नाही, मग तू हे कुठून आणलंस?

तिनं त्याला सांगितलं. लपवलं नाही. तो भिंतीला टेकून बसला. “किती दिवस?” एवढंच विचारलं. मग पाठ दुखते म्हणून आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. कुणाचं, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं असतं... न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कसं द्यावं?

त्यानं विचारलं ते दुसऱ्यांनाच. कपांना विचारलं, दाराच्या कडीला विचारलं, तिच्या नव्या चपलांना विचारलं. आणि एके सकाळी वेणी घालून घेताना थोरली हळूच म्हणाली, “आई, बाबा विचारत होते, कापडवाले काका आत येऊन बसतात का म्हणून. मी काय सांगू?”

तिच्या हातातला पेड सुटला.

“जे बघतेस ते सांग, बाळा.”

“मी सांगितलं, की येत नाहीत. तरी ते परत विचारतात.”

त्या दिवशी मशीनच्या घरघरीखाली ती स्वतःशीच गुणगुणत होती, जुन्या बायका गात तसं, पण शब्द तिचेच:

*पाण्याच्या गं वाटा, पाणी आपल्या जाणितं,*
*चुकल्या मनाला गं, कोण वाटेवर आणितं?*

आणि तेवढ्यात तिला उमळून आलं. ती सिंककडे धावली. ओकारी थांबली तेव्हा सासूबाई मागं उभ्या होत्या. दोन लेकरं वाढवलेल्या त्या डोळ्यांना पट्टीबिट्टी लागत नव्हती.

“दिवस गेलेत तुला!” सासूबाईंचा चेहरा आधी उजळला आणि लगेच तापला. “अगं, मग ते ऑपरेशन काय फुकटचं केलं का त्यांनी? आणि डॉक्टरीण म्हणाली होती ना, तिसरं झेपायचं नाही? माझ्या सुनेच्या जिवाशी खेळ! चल, आत्ताच्या आत्ता चल. जाब विचारते!”

फिटर कामाला निघतच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “आई, जाऊ दे. बघू नंतर...”

“का जाऊ दे? तू कुणाचा नळ बसवून आलास आणि दुसऱ्या दिवशी पाणी गळलं, तर लोक जाऊ देतात का तुला? चल मुकाट्यानं!”

शेजारणीकडे मुलींना सोडून तिघं निघाली. वाटेत दोघी बायका पुढं, आणि तो दहा पावलं मागं.

दवाखान्यातल्या सिस्टर फिटरला ओळखत होत्या. तिथल्या टाकीची दुरुस्ती तोच करायचा. सासूबाईंनी टेबलावर हात आपटला. “दोन महिन्यांपूर्वी माझ्या सुनेचं ऑपरेशन केलंत. आज तिला दिवस गेलेत. हे कसं झालं, ते मला सांगा!”

सिस्टरनी वही उघडली. बोट खाली सरकत गेलं, थांबलं. त्यांनी चष्म्यावरून फिटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आजी, तुमच्या सुनेचं ऑपरेशन इथं झालेलंच नाही.”

“म्हणजे?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे पाहत होता.

“आई...” अखेर तो म्हणाला, “ऑपरेशन माझं झालंय.”

सासूबाईंनी लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि तिच्या पोटाकडं पाहिलं. त्या नजरेतली माया बघता बघता आटत गेली, तिथं काहीतरी थंड येऊन बसलं.

“मग हे कुणाचं?”

हाच तो प्रश्न! वीस दिवस घरात अनवाणी फिरत होता, तो आज दिवाणखान्यात येऊन बसावा तसा सगळ्यांच्या मधोमध येऊन बसला. ती वाट पाहत होती. एक शब्द... ‘माझं’ एवढाच एक शब्द त्या माणसानं उच्चारावा, खोटा वाटत असला तरी उच्चारावा! तिनं त्याच्यासाठी दोन महिने खोटं दुखणं सोसलं होतं. त्यानं तिच्यासाठी एक शब्द...

तो फरशीकडे पाहत राहिला.

तेव्हा तिच्या आत काहीतरी सरळ झालं. “सिस्टर,” ती म्हणाली, “यांना तपासा.”

“मला?” तो चमकला. “माझं तर कापून झालंय!”

“थांबा, थांबा!” सिस्टर कडाडल्या. “ऑपरेशननंतर मी काय सांगितलं होतं? तीन महिने दुसरी काळजी घ्यायची आणि वीर्याचा नमुना तपासल्याशिवाय मोकळं समजायचं नाही. चिठ्ठी दिली होती हातात. कुठाय ती?”

“फाडली,” तो पुटपुटला. “आईच्या हाती लागेल म्हणून... तुम्ही बोलत होता तेव्हा खात्यातला एकजण समोरून येत होता. मी निघून गेलो.”

“शाबास! अहो, बीज जिथं तयार होतं तो कारखाना आम्ही बंद करत नाही. तो चालूच राहतो. आम्ही फक्त मधली वाहिनी कापून बांधतो. पण कापाच्या पुढं आधीच जाऊन साठलेलं असतं, त्याचं काय? तुम्ही फिटर ना? वरचा व्हॉल्व्ह बंद केला की खालचा नळ त्याच क्षणी कोरडा पडतो का?”

त्याची मान आपोआप हलली. “नाही... पाइपात असेल तेवढं पाणी येतच राहतं.”

“मग? हिच्याकडं महिन्याला बीज सुटतं एकच. एखादा दिवस जगतं बिचारं. त्या दिवशी तुमच्या पाइपातलं उरलेलं एक जरी तिथं पोचलं, तरी झालं! आणि बाहेरून कळणार कसं? दिसायला सगळं पहिल्यासारखंच दिसतं. म्हणून तर तपासायचं असतं. ही बाटली घ्या, ती खोली.”

एवढीशी बाटली त्यानं दोन्ही हातांनी घेतली. मोठमोठे पाइप पान्यात पिळणारे हात!

अर्ध्या तासानं लॅबमधली मुलगी दारात आली. “शुक्रजंतू आहेत. बरेच आहेत, आणि चांगले हलतायत.”

“मला दाखवाल?” तिनं विचारलं.

“तसं आम्ही दाखवत नाही, ताई...” पण मुलीनं तिचा चेहरा पाहिला आणि वाटेतून बाजूला झाली.

तिनं सूक्ष्मदर्शकाच्या काचेला डोळा लावला. पांढऱ्या उजेडाचं एक वर्तुळ, आणि त्यात... टाचणीच्या डोक्याहूनही बारीक डोकी, मागं लवलवणारी शेपटी. जणू कुणी गाठ मारून, सुई हरवून, पाण्यात सोडून दिलेले दोऱ्याचे तुकडे! कुठं जायचं ते ठाऊक नाही, तरी चालले होते, धडकत होते, वळत होते. तिच्या चारित्र्याचे साक्षीदार! तिच्या बारा वर्षांच्या शब्दानं जे झालं नाही, ते या बिनतोंडाच्या जिवांनी करायचं होतं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच लाज वाटली.

ती बाजूला झाली. “बघा,” एवढंच म्हणाली.

तो वाकला. कितीतरी वेळ वाकूनच राहिला. वर आला तेव्हा तिच्याकडे पाहायचं धाडस त्याच्यात उरलं नव्हतं.

बाहेर बाकावर सासूबाईंना सिस्टरनी सगळं सांगितलं होतं. ती येताच त्या उठल्या, पण पुढं येईनात. “मी तुझ्या पोटाला शेक देत होते... वरून वंश बुडाला म्हणून बोलत होते. एकदा तरी तोंड उघडायचंस गं, पोरी!”

“उघडलं असतं तर यांना लोक हसले असते, आई.”

म्हातारीनं लेकाकडं वळून पाहिलं. “मी अडाणी. मी संशय घेतला तो घटकाभर. तू तिच्या शेजारी बारा वर्षं झोपलास रे... तुला काय झालं होतं?” आणि मग सुनेचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाली, “मला नातू नको. नात नको. तू पाहिजेस. ऐकतेस ना?”

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जुन्या व्रणाच्या जागी गर्भाशयाची भिंत पातळ होती. “पुढं गेलं तर तुझा जीव जाऊ शकतो. आत्ता दिवस थोडे आहेत, गोळ्यांनी सुखरूप सुटशील. पण ठरवायचं तू.”

“मी सही करू का?” फिटरनं विचारलं.

“तुमची लागत नाही. तिची पुरे.”

तिच्या डोळ्यांपुढं थोरलीच्या वेणीचा सुटलेला पेड आला. धाकटीची अजून बोबडी जीभ आली. तिनं सही केली. अक्षर वाकडं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगळं आटोपलं होतं. वॉर्डाच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा कॉटच्या पायथ्याशी आला होता. फिटर स्टूलावर बसून होता. सकाळपासून त्यानं पाणी घेतलं नव्हतं.

“मला माफ कर,” तो म्हणाला.

ती छताकडे पाहत होती. “त्या काचेतून तुम्हाला दिसलं, म्हणून मी खरी ठरले. ती काच नसती तर?”

शेजारच्या कॉटवरची बाई कुशीवर वळली, पुन्हा वळली.

“खोटं बोलू का?” तो म्हणाला. “काच नसती तर मी तुला टाकलं नसतं. पण जगूही दिलं नसतं.”

तिनं डोळे मिटले. किती कडू होतं हे! तरीही वीस दिवसांत त्या दोघांमध्ये बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य होतं ते.

दारातून एक ओळखीची बाई सासूबाईंना विचारत होती, “सुनेचं ऑपरेशन का हो?” आणि सासूबाई काही बोलायच्या आत तो स्टूलावरून उठला, दाराकडं तोंड करून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ऑपरेशन माझं झालंय, काकू. हिचं नाही. माझ्या चुकीनं ही इथं पडलीय.”

कुणीतरी खुसखुसलं. त्याला ऐकू गेलं असावं. तो परत येऊन बसला, आणि एकाएकी त्याचे खांदे हलू लागले.

“माझं होतं गं ते...” तो हुंदक्यांतून म्हणाला. “माझं होतं! आणि असेपर्यंत मी एकदाही म्हणालो नाही...”

आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कुणाचं, कुणाचं, म्हणत सगळे भांडले होते. ते गेलं, हे कुणी म्हणालंच नव्हतं. नाव नाही, रूप नाही, त्या एवढ्याशा जिवासाठी रडायला अखेर दोन माणसं जमली होती.

त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं नाही, अजून नाही. तिनं नुसते पाय आखडून घेतले आणि कॉटवर त्याला बसण्यापुरती जागा करून दिली.