रंगारणीच्या घरचं पाणी

"आज संध्याकाळपर्यंत त्या रंगारणीला गल्लीतून हाकलायचंच!" गल्लीच्या टाकीचे रखवालदारकाका आवारात गरजत होते.

सुतळीने खिडकीतून डोकावून पाहिलं. तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, उलट्या थांबत नव्हत्या. गल्लीत घरोघरी तीच तऱ्हा! ठणठणीत होत्या फक्त नव्याने राहायला आलेली रंगारीण आणि तिची मुलगी, आणि तेच सगळ्यांना खुपत होतं.

"आपल्या नळाला त्या हातसुद्धा लावत नाहीत," आई दबक्या आवाजात म्हणाली. "टाकीत काहीतरी कालवलंय त्यांनी, म्हणूनच!"

"कुणी पाहिलं?"

"सगळेच म्हणतायत! तिकडे फिरकलीस तर याद राख!"

सुतळीने सुट्टीला आलेल्या मामेभावाला, भोपळ्याला, गाठलं. "मग त्या पाणी आणतात कुठून? चल, बघू."

"मी नाही बाबा! माझे पाय आत्ताच लटपटतायत!"

"माझे काय नाचतायत?"

दोघं बंद गिरणीच्या भिंतीआड दबा धरून बसले. तिथल्या हातपंपावरून रंगारणीची मुलगी हंडा घेऊन निघाली. यांना पाहताच तिच्या हातून हंडा निसटला. "मारू नका!" ती किंचाळली.

आपली कुणाला भीती वाटेल, हे सुतळीच्या डोक्यातच आलं नव्हतं. "नाही गं मारत! पण एवढ्या लांबून पाणी का?"

"टाकीच्या पाण्याने कापडावर डाग पडतात. म्हणून आई सगळंच पाणी इथून आणायला लावते."

डाग? सुतळीने लांबवर दिसणाऱ्या गल्लीच्या टाकीकडे पाहिलं आणि ती धावत सुटली.

टाकीची शिडी गंजलेली, करकरणारी. सुतळी एकेक पायरी चाचपत चढली. वर पोचली, तर झाकण बाजूला पडलेलं! आत कुजलेला पारवा तरंगत होता.

ती उतरेपर्यंत रंगारणीच्या दाराशी घोळका जमला होता. काकांच्या हातात दगड होता. सुतळी दारासमोर जाऊन उभी राहिली.

"टाकी... उघडी आहे! आत पारवा मेलाय!"

"पोरटी काहीही बरळतेय! टाकी मी रोज बघतो!"

तेवढ्यात भोपळ्याने नळावरून पेला भरून आणला. "मग प्या ना, काका!"

काकांचा हात काही पुढे होईना. गल्लीतला प्लंबर शिडी चढला आणि नाक दाबूनच खाली आला.

"शाब्बास रे पोरांनो!" शेजारचे आजोबा म्हणाले.

रंगारणीचं दार किलकिलं झालं. ती हंडा घेऊन थेट घोळक्यातल्या सुतळीच्या आईपाशी आली. "बाळाला हे द्या. उकळलेलं आहे."

आईने दोन्ही हातांनी हंडा घेतला. तिला मान वर करवत नव्हती.

"आमच्या घरी या ना," आई म्हणाली.