हजेरीतलं नाव

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो, मी शपथा घेत बसणार नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे, आणि मावशीला थापा मारता येत नाहीत. एखादीचा ब्लाउज बिघडला तर गिऱ्हाईक यायच्या आधी हीच तिच्या दारात जाऊन कबूल करून येते.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. इथे दुपारचे चार वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनवर लॅपटॉप.

आणि ज्या मुलीचा लॅपटॉप, ती जगात नव्हती.

मावशीची एकुलती एक लेक. लहानपणी तिने गिऱ्हाइकाच्या कोटाची गुंडी गिळून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, तेव्हापासून घरात ती गुंडीच. तिला इतिहासाचं वेड. ऑनलाइन कॉलेजात प्रवेश मिळाला तशी हट्टाने नव्या चपला घ्यायला लावल्या.

"घरात बसून कॉलेज, त्याला चपला कशाला गं?" मावशी म्हणाली.

"मग काय वर्गात अनवाणी बसू?"

त्या चपला तिने घातल्याच नाहीत. वर्ग सुरू व्हायच्या आधीच तापाचं निमित्त झालं... आणि पोर हातची गेली.

वेळेवर पोचणं गुंडीच्या पत्रिकेतच नव्हतं. शाळेत हजेरी सुरू झाली तरी ही जिन्यात. नाव पुकारलं की तिथूनच धापा टाकत ओरडायची, "हजर!"

ती गेल्यावर घरात तिचं नाव कुणी घेईना. काका ट्रक चालवतात; घरी आले की भिंतीकडे बघत बसायचे. शेजारणी नुसतं "तुमची पोरगी" म्हणायच्या. मावशीचा जीव तुटायचा. कुणीतरी एकदा नाव घ्या हो माझ्या लेकीचं, असं तिला ओरडावंसं वाटायचं. पण तिच्या स्वतःच्याही ओठांवर ते येत नव्हतं.

कॉलेजला कळवायचं म्हणून तिने एका दुपारी लॅपटॉप उघडला. कुठेतरी बोट लागलं आणि समोर वर्गच सुरू झाला.

इतिहासाचे सर हजेरी घेत होते. जन्म खडू-फळ्यात गेलेला माणूस, ऑनलाइन आला तरी हजेरी सुटली नव्हती. एकेक नाव खणखणीत पुकारायचे. आणि मग...

मावशीच्या लेकीचं नाव.

पूर्ण. आडनावासकट.

मावशी मशीनवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. इतक्या दिवसांनी कुणीतरी ते नाव हाक मारावी तसं घेतलं होतं. कॉलेजला कळवायचं राहूनच गेलं. कळवलं तर नाव कापणार, हे न कळण्याइतकी मावशी भोळी नव्हती. तिने टाइप केलं, "हजर."

"टाइप केलेलं मी धरत नाही," सर म्हणाले. "उद्यापासून आवाज द्यायचा."

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा बसली. कॅमेरा बंद, माइक बंद. नुसतं नाव ऐकायचं आणि उठायचं, एवढंच मनात.

नाव आलं.

सर थांबले. पुन्हा नाव घेतलं.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या... फटफट, फटफट... कुणीतरी धावत येत होतं.

दाराबाहेर आवाज थांबला.

आणि लॅपटॉपमधून, धापा टाकत...

"हजर!"

माइकच्या चित्रावर काट होती. धावत जाऊन तिने दार उघडलं. जिन्यात चिटपाखरूसुद्धा नव्हतं.

तुम्ही-आम्ही असतो तर लॅपटॉप फेकला असता. मावशी आई होती. ती रोज चारला केस विंचरून, शिवायचे कपडे बाजूला सारून बसू लागली. नाव, चपला, धापा, "हजर." घरातल्या कुणाला तिने अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं तर हे बंद होईल, हीच एक भीती.

पण आईच्या कानाला फरक कळतो. धापा वाढत चालल्या होत्या. "हजर" बारीक होत चाललं होतं.

मग सरांनी पहिलं काम दिलं. "इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या नव्हेत. आपल्या घरापासून सुरुवात करू. प्रत्येकाने घरातल्या एका जुन्या वस्तूबद्दल बोलायचं."

कुणी घड्याळ आणलं, कुणी आजोबांचा चष्मा. गुंडीची पाळी आली.

बराच वेळ काही नाही.

मग चपला... या वेळी धावत नव्हत्या. ओढत येत होत्या.

"सर... माझ्याकडे वस्तू नाही. घरातलं मला काही उचलता येत नाही."

मुलं हसली.

"मग कशाबद्दल बोलणार?" सरांनी विचारलं.

"आईबद्दल." पुन्हा धाप. "तुम्ही नाव घेता, आई ऐकत बसलेली असते. मग मला यावंच लागतं. फार लांबून यावं लागतं हो सर... परत जाईपर्यंत तुम्ही पुन्हा पुकारता."

मावशीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"माझं नाव काढून टाका ना. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. आईला वाईट वाटेल."

"आवाज तुटतोय तुझा," सर म्हणाले. "काही कळत नाही. पुढच्या वेळी बोल." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

मावशी उठली. कपाट उघडलं. गुंडीच्या नव्या चपला खोक्यात होत्या, वरच्या कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

चपलांचे तळवे झिजून आरपार भोकं पडली होती.

त्या घेऊन मावशी कितीतरी वेळ जमिनीवर बसून होती. मग तिने सरांना फोन लावला.

"त्या मुलीचं नाव काढा, सर. मी तिची आई बोलतेय."

"अहो, का? एक दिवस चुकवला नाही पोरीने. फक्त दमलेली वाटते. फार जिने चढून येते का?"

मावशीने सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "उद्या हजेरीत नाव नसेल."

दुसऱ्या दिवशी चारला मावशी शेवटचं बसली. हजेरी सुरू झाली. गुंडीच्या आधीचं नाव झालं... सर क्षणभर अडखळले... आणि गुंडीच्या नंतरचं नाव आलं.

जिन्यात काही वाजलं नाही.

"जा बाई, नीज आता," मावशी पुटपुटली, आणि लॅपटॉप मिटला. त्या दिवशी ती रडली नाही. रडू दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं, आणि अजूनही त्याच वेळेला येतं.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी समजूत घालायला गेले. म्हटलं, मावशी, मनाचे खेळ असतील. तिने चपला पुढे ठेवल्या. भोकांवर तिने जाड कातड्याची ठिगळं शिवली होती, दुहेरी दोऱ्याने, अगदी बारीक टाक्यांनी.

"चुकून कुणी हाक मारलीच," ती म्हणाली, "तर पाय तरी पोळू नयेत पोरीचे."

मध्यंतरी खालच्या रस्त्यावर कुणी बाई आपल्या मुलीला हाका मारत होती. मुलीचं नाव नेमकं तेच होतं. मी मावशीकडेच होते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

कपाटात काहीतरी हललं होतं.

मावशीने धावत जाऊन खिडकी लावली.

तेव्हापासून ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. इथे सगळीकडे गुंडीच लिहिलंय, तेही त्यामुळेच. वाचता वाचता तुमच्यापैकी कुणी ते मोठ्याने म्हणालं असतं... आणि तिला पुन्हा एवढ्या लांबून यावं लागलं असतं.